मड्डमचं लुगडं

बाहुल्यांच्या दुकानात शिरलेल्या ६७ वर्षांच्या पुरुषाला एकच प्रश्न विचारला जातो. "नातीसाठी का, काका?"

सुरुवातीला मी "हो" म्हणून मोकळा व्हायचो. पण दुकानदार तेवढ्यावर सोडत नाहीत. नात केवढी आहे, तिला बोलणारी हवी की मुकी, झोपवल्यावर रडणारी चालेल का... मला मुळात नातच नाही. नातू आहे, तो बंगळुरूला असतो आणि त्याला पिवळ्या जेसीबीखेरीज जगात कशातही रस नाही. तरीही तुळशीबागेच्या एकाच बोळात माझी नात पहिल्या दुकानात तीन वर्षांची, दुसऱ्यात सातची आणि तिसऱ्यात "आत्ताच बारसं झालं" इतकी लहान होऊन गेली. तिसरा दुकानदार पहिल्याचा भाऊ निघाला. तेव्हापासून खरं बोलायचं ठरवलं. पुढच्या खेपेला छातीठोकपणे म्हणालो, "बाहुलीच्या मापाचे बूट हवेत. माझ्यासाठीच." दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कागदात गुंडाळून देऊ?"

पुरुषाने काय जमवावं याचे आपल्याकडे अलिखित नियम आहेत. पोस्टाची तिकिटं जमवली तर तो अभ्यासू. नाणी जमवली तर इतिहासप्रेमी. जुनी घड्याळं जमवली तर शौकीन. बाहुल्या जमवल्या की मात्र शेजारी मुलाला फोन करतात, "बाबांची तब्येत बरी आहे ना?" पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलेल्या, मिशा राखून असलेल्या माणसाने रविवारी सकाळी जुन्या बाजारात उकिडवं बसावं आणि बाहुलीचे केस वर करून तिची मान न्याहाळावी, हे दृश्य लोकांना पचत नाही.

अशा वेळी मी दोन मोठ्या माणसांना साक्षीला काढतो. एक, व्यंगचित्रकार शंकर. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हंगेरीच्या राजदूताने त्यांना मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला म्हणून एक बाहुली दिली, आणि नेहरूंनाही न सोडणारा हा माणूस एका बाहुलीच्या तावडीत सापडला. देशोदेशी जाताना ते बाहुल्या आणत गेले, आणि ३० नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. आज तिथे ८५ देशांच्या सहा हजारांहून जास्त बाहुल्या आपापला वेष करून काचेआड उभ्या आहेत. दुसरे आपल्या पुण्याचेच, दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी असा हजारो वस्तूंचा संसार गोळा केला, त्याला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि १९७५मध्ये तो सगळाच्या सगळा सरकारच्या हवाली केला.

"त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का?" आमच्या हिने विचारलं.

केळकरांपुरतं तरी याचं उत्तर माझ्या सोयीचं होतं. कमलाबाई या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने होत्या, हे मी तिला ऐकवलं. "त्यांच्याकडे वाडा होता," ही म्हणाली. "आपल्याकडे दोन बेडरूम आहेत. आणि एकीत तुमच्या बाहुल्या झोपतात."

हे खूळ लागलं ते मड्डममुळे. आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पितळेची भातुकली निघाली, आणि मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली हातभर बाहुली. चेहरा चिनी मातीचा, गाल गुलाबी, डोळे निळे, ओठ किंचित उघडे आणि त्यांतून चार बारीक दात दिसताहेत. अंगावर मात्र डाळिंबी लुगडं, खणाची चोळी, डोक्यावरून पदर, आणि कपाळावर कुंकवाचा विटका ठिपका. निळ्या डोळ्यांच्या त्या बाईला मागे कासोटासुद्धा होता.

आत्या तिची गोष्ट रंगवून सांगायची. १९३०चं साल. सविनय कायदेभंग चालू, चौकाचौकात विलायती कापडाच्या होळ्या. अशात आजोबा मुंबईहून परतले ते क्रॉफर्ड मार्केटातून लेकीसाठी ही बाहुली घेऊन. आजी दारातच आडवी झाली. "गावात कपडे जाळताहेत आणि तुम्ही मड्डम घरात आणता?" आजोबांनी वकिली केली: ही जर्मन आहे, इंग्रज नव्हे; उलट जर्मन तर इंग्रजांशी लढलेत. आजीने रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. बहिष्कार कापडावर आहे, बाईवर नाही. मड्डम राहील, तिचे कपडे राहणार नाहीत. मग स्वतःच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून तिने मड्डमला नेसवलं, कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवलं आणि तिला घरात घेतलं.

मी मड्डमचा केसांचा टोप उचलून मान पाहिली. तिथे मातीत उमटवलेली अक्षरं होती: आर्मान्द मार्सेय, जर्मनी, आणि खाली आकडा ३९०. झालं. निवृत्त माणसाच्या हाती नाव, गाव आणि क्रमांक लागला की तो फाईल उघडल्याशिवाय राहत नाही.

फाईलमधून निघालं ते असं. रशियात जन्मलेल्या या आर्मान्द मार्सेयने १८८५च्या सुमारास जर्मनीत, थुरिंगिया प्रांतात, सोनेबर्ग गावाशेजारी चिनी मातीचा कारखाना घेतला आणि पुढे बाहुल्यांची डोकी पाडायला सुरुवात केली. ३९० हा त्याच्या साच्याचा नंबर. हा साचा इतका चालला की बाहुल्या जमवणाऱ्यांच्या जगात ३९० म्हणजे आपल्याकडचं जोशी आडनाव. कुठेही जा, एक तरी निघतोच. माझी मड्डम दुर्मीळ बिर्मीळ नाही हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं. हिला बरं वाटलं. "चला, म्हणजे चोर येणार नाहीत," ती म्हणाली.

चेहऱ्याची ती माती म्हणजे बिस्क. भट्टीत भाजलेली, वरून काचेचं पाणी न चढवलेली चिनी माती. त्यामुळे ती कपबशीसारखी चकाकत नाही, पावडर लावलेल्या गालासारखी मंद दिसते. गाल-ओठ रंगवायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे, म्हणजे रंग मातीत मुरतो. अंग मात्र मातीचं नाही. लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा आणि सरस यांचं. हातपाय सुटे, सांध्यात गोळे, आणि ते सगळं आतून इलॅस्टिकने ओढून धरलेलं. डोक्यात शिशाचं वजन, त्यामुळे आडवं केलं की डोळे मिटतात.

सोनेबर्गच्या आजूबाजूला हा धंदा घराघरात चाले. एका घरात नुसते हात, दुसऱ्यात नुसते टोप, तिसऱ्यात पोरांसकट सगळे शिवणावर. आपल्या पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो, तसंच. डोळे यायचे जवळच्या लाउशा गावातून, काच फुंकणाऱ्यांकडून. तिथला लुडविग म्युलर-उरी हा कारागीर आधी बाहुल्यांचे डोळे करायचा. १८३५मध्ये त्याने त्याच हातांनी माणसांसाठी काचेचे डोळे करायला घेतले. आधी बाहुल्या, मग माणसं. मला हा क्रम फार आवडला. आणि मानेवर 'जर्मनी' हा शब्द इंग्रजीत का? तर १८९१पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालायची सक्ती झाली म्हणून. मड्डमच्या मानगुटीवर अमेरिकेचा कायदा बसला होता, आणि अंगावर आजीचा.

इथवर सगळं ठीक होतं. मग मला दुसरा रोग लागला: मूळ वेषाचा.

बाहुल्या जमवणाऱ्यांत नुसत्या बाहुलीला मान नाही. "ऑल ओरिजिनल" हा तिथला मंत्र. टोप तोच, बूट तेच, मोजे तेच, झगा तोच, तर तिची किंमत. झगा बदललेला निघाला की लोक पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा चेहरा करतात. या हट्टाला कारणही आहे. माणसांचे कपडे झिजतात, फाटतात, उसवून दुसऱ्याला होतात. बाहुलीचे जसेच्या तसे राहतात. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात सतराव्या शतकाच्या अखेरीची एक लाकडी जोडी आहे, लॉर्ड आणि लेडी क्लॅफम. त्यांच्या अंगावर आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत सगळं त्या काळचं आहे. ही जोडी देशाबाहेर चालली होती, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून १९७४मध्ये ती थांबवली. तीनशे वर्षांपूर्वीची बाई झग्याच्या आत काय घालत होती, हे विचारायला दुसरं कोण मिळणार?

खुद्द व्हिक्टोरिया राणीही यातून सुटलेली नाही. लहानपणी तिच्याकडे १३२ छोट्या लाकडी बाहुल्या होत्या, आणि त्यांतल्या ३२ जणींचे कपडे तिने स्वतःच्या हाताने शिवले होते. बाकीच्यांचे शिवायला तिच्या शिक्षिकेने मदत केली. पुढे अर्ध्या जगाला तिने आपल्या मापाचे कपडे चढवले, त्याचा सराव हा असा झाला असावा.

मूळ वेष शोधताना मी काय काय शिकलो! वेल्क्रो असेल तर कपडा पन्नासच्या दशकाच्या अलीकडचा. नायलॉन असेल तर १९४०च्या आसपासचा किंवा नंतरचा. टिचबटण दिसलं म्हणून नाक मुरडायचं नाही, ते १८८५चं आहे आणि तेही जर्मनीचं. आणि सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे शिवणीतला एक दोरा काढून जाळायचा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास, रेशीम असेल तर केस जळाल्याचा, आणि नायलॉन असेल तर दोरा वितळून टोकाला मणी होतो.

हे ज्ञान घेऊन मी मुंबईला चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर गेलो. तिथे एक बाहुली होती, फ्रेंच असल्याचा आव आणणारी, गुलाबी झग्यात.

"साब, एकदम ओरिजिनल. अंग्रेज के जमाने का माल. कपडा भी वही है."

मी झग्याच्या आतल्या बाजूचा एक लोंबता दोरा मागितला. त्याने दिलखुलासपणे काडी पेटवून दिली. दोऱ्याच्या टोकाला टपोरा काळा मणी झाला. मी मण्याकडे पाहिलं, त्याने मण्याकडे पाहिलं. "अंग्रेज जाते जाते छोड के गया होगा," तो म्हणाला. अशा उत्तराबद्दल चहा पाजणं भाग होतं. बाहुली घेतली नाही.

खऱ्या जुन्या रेशमाची कथा आणखी वेगळी. रेशमाचा डिंक धुऊन काढला की त्याचं वजन घटतं, आणि रेशीम विकायचं वजनावर. म्हणून त्या काळात त्यात कथलाचे क्षार मुरवून वजन भरून काढायचे. दुधात पाणी, रेशमात कथील. त्याचं फळ शंभर वर्षांनी दिसतं: श्रीमंत बाहुल्यांचे उंची रेशमी झगे हात लावताच पापडासारखे तुटतात, आणि कुणा गरीब घरचा चिटाचा परकर अजून धुवून वापरावा असा टिकून असतो. ज्याला हा सगळा जाच नको असेल त्याने सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी ठकी घ्यावी. तिचं लुगडं रंगानेच काढलेलं असतं. ऑल ओरिजिनल.

एक दिवस मुंबईचे एक जाणकार माझा संग्रह बघायला आले. संग्रह म्हणजे कपाटाचे दीड खण. त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि ते मड्डमसमोर थांबले.

"चेहरा छान आहे. एक तडा नाही. पण हे..." त्यांनी लुगड्याकडे बोट केलं, जणू कुणी तिच्या अंगावर ओला टॉवेल टाकला होता. "हे कुणी केलं?"

"आजीने."

"हं. काढून टाका. पांढऱ्या सुती कापडाचा, लेस लावलेला जर्मन पद्धतीचा झगा शिवून घ्या. कपाळावरचा डागही निघेल, हलक्या हाताने. मग बघा काय रूप येतं."

मी सरकारी माणूस. तपासणीला आलेल्या साहेबाने शेरा मारला की तो अमलात आणायचा, हा ३४ वर्षांचा संस्कार. दुसऱ्याच दिवशी लेस आणायला तुळशीबागेत गेलो. भाद्रपद तोंडावर आला होता. दुकानदारीण बाईंनी लेसेची गुंडाळी उलगडता उलगडता विचारलं, "गौरींसाठी ना?" मी दोनदा "हो" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला शरमिंदं न करता बाहुलीच्या कपड्यांचं विचारत होतं.

लेस घेऊन परतताना तोच विचार डोक्यात होता. मुखवट्याला साडी नेसवणं, देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाला अंगरखा शिवणं, विठोबाला थंडीत शाल पांघरणं हे करणारे आपण. आपल्याकडे कपडे घालायला शिकवावं लागत नाही. रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, त्यात जर्मन तंत्रज्ञ होते. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मनानेच विकत घेतला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, आणि बायकांनी त्या तसबिरींनाही सोडलं नाही. कागदावरच्या साडीवर खरी जर, खऱ्या टिकल्या, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून टाकले. जर्मन छपाईला मराठी सुईदोरा असा आधीच भेटलेला होता. आजीने काही जगावेगळं केलं नव्हतं.

पण शेरा तो शेरा. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, मड्डमला आडवी केली, तिने डोळे मिटले, आणि मी लुगड्याला हात घातला.

"व्हा बाजूला," ही स्वयंपाकघरातून आली. "परक्या बाईचं लुगडं सोडताय."

पदराची टाचणी निघाली. ओचा सुटला. कासोटा सुटला, आणि मड्डमचा डावा पाय खट्टकन टेबलावर पडला. मागोमाग उजवा. चोळीची गाठ सोडली तर दोन्ही हात कोपरांपासून निखळून बाजूला झाले. आतलं इलॅस्टिक कधीच कुजून भुगा झालं होतं. इतकी वर्षं ती बाई सांध्यांवर उभी नव्हती, लुगड्यावर उभी होती. ज्याला साहेबांनी ओला टॉवेल ठरवलं, त्याने तिला अख्खी ठेवली होती.

लुगड्याखाली मात्र एक गंमत निघाली. जाळीदार पांढऱ्या कापडाचं, गळ्याला फिकट गुलाबी फीत ओवलेलं, कसंबसं शिवलेलं एक झबलं. कारखान्याची शेमीज! जर्मनीहून ती याच कपड्यात आली असणार. बहिष्कार घालूनही आजीने ती टाकली नव्हती, आतून ठेवून दिली होती. जाळणार कोण, चांगलं कापड! वरून खादीची चळवळ आणि आतून काटकसर, हे आमच्या घरातलं धोरण किती जुनं आहे याचा हा लेखी नव्हे, शिवलेला पुरावा.

मी त्या जाणकारांना फोन केला. ते अक्षरशः ओरडले. "फॅक्टरी शेमीज? ती तर मूळ! अहो, मग झगाही शिवू नका. ती शेमीजच ठेवा, आणि ते लुगडं देऊन टाका कुणाला."

फोन ठेवला आणि प्रथमच मला शेरा पटला नाही. कारण फाईलमध्ये मीच एक गोष्ट टिपून ठेवली होती. या साध्या जर्मन बाहुल्या बहुतेक वेळा नुसत्या शेमीजमध्ये विकल्या जायच्या, शिवाय मोजे आणि बूट. कपडे घरी शिवायचे असत. आईने, आजीने, नाहीतर खेळणाऱ्या पोरीने. कारखान्याने तिला वेष दिलाच नव्हता. विक्रीसाठी अंग झाकून दिलं होतं, एवढंच. शेमीज हा शब्द आपल्याकडे मुलींची शमीज म्हणून रुळलाय, आणि शमीज घालून कुणी बाहेर जात नाही. जन्मल्यावर सुइणीने ज्या फडक्यात गुंडाळलं त्याला माझा मूळ पोशाख कोणी म्हणणार असेल तर म्हणो. मड्डमने बारशाचा असा पहिला कपडा घातला तो आमच्या घरी. तिचा मूळ वेष लुगडंच होता. आजीने तो कपाळाला मेण लावून पक्का केला होता.

आता प्रश्न उरला तो पुन्हा नेसवायचा.

आधी हातपाय जोडले. नवीन इलॅस्टिक आणलं, क्रोशाच्या सुईने ते धडातून ओढायचं आणि डोक्यातल्या आकड्यात अडकवायचं. एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने मान. ही पाय धरून आणि मी तोंडात इलॅस्टिक धरून बसलो असताना बेल वाजली. दार उघडंच होतं. कुरिअरच्या पोराने टेबलावरचं बिनटोपाचं डोकं पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, सही न घेताच पाकीट ठेवलं आणि निघून गेला.

पण खरी परीक्षा लुगड्याची होती. लेडी क्लॅफमचा झगा काढा आणि पुन्हा चढवा, तो तसाच राहील. त्याचं रूप शिवणीत आहे. लुगड्याचं रूप नेसण्यात असतं. सोडलं की अडीच वार लांब, दीड वीत रुंद कापडाची पट्टी उरते, एका बाजूला मूळ काठ, दुसऱ्या बाजूला आजीची बारीक तुरपाई. मी 'ऑल ओरिजिनल'च्या नादात एक मूळ गोष्ट दोन मिनिटांत नाहीशी करून बसलो होतो. आजीने नेसवलेलं आता जगात कुठेच नव्हतं. फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता.

ही नऊवारी शेवटची नेसली ती आमच्या लग्नात, आणि तीही मावशीने नेसवलेली. तिने चष्मा लावला, कापड खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरलं.

"अहो, हे बघा. सगळं लिहून ठेवलंय."

खरंच लिहिलं होतं. निऱ्यांच्या बाहेरच्या कडा उन्हाने विटून फिक्या तांबूस झाल्या होत्या, आतल्या बाजू अजून गर्द डाळिंबी. एकाआड एक पट्टे, बोटाच्या जाडीचे. ही ते मोजत गेली: सात निऱ्या. घड्यांच्या रेषा कापडात कायमच्या उमटल्या होत्या, जुन्या पत्रावर असतात तशा. आणि जिथे जिथे आजीने टाचणी टोचली होती तिथे गंजाचा एक तपकिरी ठिपका आणि शेजारी त्याचा जोडीदार ठिपका. ठिपक्याला ठिपका जुळवला की कासोटा बसत होता. सांगणारं कुणी नव्हतं. कापडच सांगत होतं, आधी हे, मग हे. तासभराने मड्डम पुन्हा उभी राहिली. गंजक्या टाचण्या लावल्या नाहीत, त्याऐवजी हिने दोन टाके घातले. टाचण्या मी एका डबीत घालून कपाटात ठेवल्यात. मूळच्या आहेत.

एक जोडी मात्र उरली. पदराच्या टोकाशी एक गंजका ठिपका आणि कमरेशी उजवीकडे एक. पदर डोक्यावरून घेतला तर ते एकमेकांपासून वीतभर लांब राहत. मी म्हणालो, टोचताना आजीची चूक झाली असेल. भिंतीवरच्या नकाशाकडे बघावं तशी ही थोडा वेळ बाहुलीकडे बघत राहिली. मग तिने पदर डोक्यावरून उतरवला, पाठीवरून कमरेशी आणला, आणि ठिपक्यावर ठिपका टेकवला. बरोबर बसला.

"चूक नाही," ती म्हणाली. "पदर खोचलाय. कामाला लागली की बाई पदर खोचते."

ट्रंकेत मड्डमबरोबर पितळेची भातुकली निघाली होती, ते मी विसरलोच होतो. भोकं किती मोठी झाली आहेत हे मग नीट पाहिलं. एकदा नव्हे, पुष्कळदा टोचलेली होती ती टाचणी. आत्याने मड्डमला पाहुणी म्हणून बसवून ठेवलं नव्हतं, चुलीपाशी जुंपलं होतं.

आता ती माझ्या कपाटात नाही, दिवाणखान्यात पितळी चुलीशेजारी उभी आहे, पदर खोचून. कपाळाला हात लावलेला नाही. संग्रहाच्या वहीत मी तिची नोंद केली आहे: डोकं, ३९०, जर्मनी. वेष, मूळ, पुणे, १९३०. नेसणी, याच वर्षाची. नेसणीपुढे नाव घालायला हिने नकार दिला. म्हणाली, लुगडं नेसवल्याची कुणी पावती देत असतं का?